बी-२ वरचं फुकटचं प्यादं

बुधवारी रात्री साडेअकराला फोन वाजला. टीम लीडचा मेसेज. आमच्या धंद्यात रात्री साडेअकराच्या मेसेजचा एकच अर्थ असतो, कुठलातरी सर्व्हर आडवा झालाय. पण नाही! ‘रविवारी तू सेकंड बोर्ड. ब्लॅक. समोरची ई४ खेळते. प्रिपेअर!’ आणि खाली एक रागीट चेहऱ्याचा स्मायली.

तर मंडळी, बॅकग्राउंड अशी की आमच्या ऑफिसला हल्ली बुद्धिबळाचा ताप चढलाय. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला अठरा वर्षांचा गुकेश डिंग लिरेनला हरवून विश्वविजेता झाला, जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेही फायनलला कोनेरू हंपीसमोर, आणि ग्रँडमास्टर होऊनच परतली. त्यानंतर कॅन्टीनमधल्या कॅरम बोर्डावर धूळ साचली. एचआरने चार पट आणि दोन घड्याळं आणली. मग आंतर-कंपनी टीम रॅपिड स्पर्धा निघाली. दर रविवारी एक फेरी, चार बोर्डांची टीम, प्रत्येकाला पंचवीस मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद. आम्ही कसे कोण जाणे, शेवटच्या फेरीआधी पहिल्या नंबरवर होतो. शेवटची मॅच एका बँकेच्या टीमशी. २-२ सुटली तरी करंडक आमचा. त्यात टीम लीडची ही शेवटची स्पर्धा, महिन्याभरात तो कॅनडाला चाललेला. करंडक घेऊन फोटो काढायचा आणि मगच विमानात बसायचं, असं त्याने बायकोलासुद्धा सांगून ठेवलेलं.

म्हणजे मला जिंकायचं नव्हतं. फक्त हरायचं नव्हतं. ऐकायला किती सोपं वाटतं ना?

समोरच्या खेळाडूचे आधीचे डाव आयोजकांनी ग्रुपवर टाकले होते. सिसिलियनविरुद्धचे दोन. दोन्हीत तिने सहाव्या चालीला काळा उंट जी-५ वर आणून बसवलेला. इथे माझ्या पोटात गोळा आला, कारण मी कॉलेजपासून एकच ओपनिंग खेळतो, नायडॉर्फ. आणि नायडॉर्फवाल्याला उंट जी-५ म्हणजे फायरवॉलमधलं तेच भोक, जे बंद करायचं आपण दोन वर्षं पुढे ढकलत आलोय.

ज्यांना बुद्धिबळात फक्त घोडा अडीच घरं चालतो एवढंच माहितीय, त्यांच्यासाठी दोन मिनिटं. पांढऱ्याचं प्यादं ई-४, काळ्याचं सी-५, हा झाला सिसिलियन बचाव. पुढे पांढरा डी-४ ला मध्य फोडतो, प्याद्यांची अदलाबदल होते, दोन्हीकडचे घोडे बाहेर येतात, आणि पाचव्या चालीला काळा एक अगदी किरकोळ दिसणारी चाल करतो, प्यादं ए-६. एक घर! पांढऱ्याच्या घोड्याला आणि उंटाला बी-५ चं घर बंद, आणि जमलं तर पुढे आपणच बी-५ ला प्यादं ढकलायची तयारी. बस्स. या एका घराच्या चालीवर जगभर कपाटं भरतील एवढी पुस्तकं निघाली.

ज्याच्या नावाने ती ओळखली जाते तो मिगेल नायडॉर्फ मूळचा पोलंडचा. १९३९ साली ऑलिम्पियाड खेळायला ब्युनॉस आयर्सला गेला आणि स्पर्धा चालू असतानाच युद्ध पेटलं. तो अर्जेंटिनातच राहिला. पोलंडमधलं त्याचं कुटुंब नाझींच्या संहारात गेलं. १९४७ मध्ये साओ पावलोला त्याने डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं, पट न बघता, एकाच वेळी ४५ जणांशी खेळून दाखवलं. मला नेहमी वाटतं, ज्या माणसाचं आयुष्य एका बोटीच्या तिकिटाने बदललं, त्याच्या नावावर असली दर चालीला धोका असलेली ओपनिंग असणं बरोबरच आहे. असो, विषयांतर झालं.

तर सहाव्या चालीला उंट जी-५, आपण प्यादं ई-६, पांढरा प्यादं एफ-४. आता आपली सातवी चाल. आपला घोडा एफ-६ वर उंटाने जखडलेला, पांढरा ई-५ ला प्यादं ढकलायच्या बेतात. आणि आपल्यासमोर तीन दरवाजे.

पहिला दरवाजा म्हणजे उंट ई-७. सभ्य माणसाची चाल. घोड्याच्या मागे उंट उभा केला, जखडण सुटली, पुढेमागे किल्लेकोट करू. अप्रेझलच्या फॉर्मवर ‘टीम प्लेअर’ लिहिलेलं असतं ना, तशी.

दुसरा, वजीर बी-६. हा डी-४ वरच्या घोड्याकडे बघतो आणि तिरक्या डोळ्याने बी-२ वरच्या प्याद्याकडे. पांढऱ्याची नेहमीची चाल वजीर डी-२, म्हणजे ‘घे बाबा, खा!’ आणि आपण खातो. याचं नावच आहे ‘पॉयझन्ड पॉन’, विषारी प्यादं. आपला वजीर एकटा शत्रूच्या घरात, बाकीची फौज अजून पलंगावर लोळतेय.

तिसरा, प्यादं बी-५. पोलुगायेव्स्की व्हेरिएशन. पांढरा ई-५ खेळतो, घोडा मेला असं वाटतं, आणि आपण अदलाबदल करून वजीर सी-७ वर नेतो. पांढऱ्याने घोडा खाल्ला की वजीर ई-५ वर शह देऊन जी-५ चा उंट परत वसूल! लेव्ह पोलुगायेव्स्कीने या कल्पनेवर कित्येक वर्षं घालवली आणि तिच्या जन्माची गोष्ट आपल्या पुस्तकात सविस्तर लिहिली. मी ती वाचली, सलाम केला आणि पान मिटलं. चार रात्रींत ते पाठ करायचं म्हणजे प्रॉडक्शनला डायरेक्ट कोड टाकायचा. नाही.

उरले दोन.

गुरुवारी लॅपटॉपवर इंजिन सुरू केलं. इंजिनचं काय आहे माहितीय का, त्याला भीती नसते. बी-२ चं प्यादं खाल्ल्यावर मला दरदरून घाम फुटलेला, आणि ते शांतपणे दाखवतंय शून्य पूर्णांक शून्य शून्य. बरोबरी. मी आणखी खोल गेलो. पांढरा हत्ती बी-१, वजीर ए-३, मग पांढरा एफ-५ करतो किंवा ई-५. एफ-५ ची मोठी वाट तर अशी की दोघांनी नीट खेळलं की पांढरा मोहरे उधळत सुटतो, काळ्याचा राजा उघडा पडतो, आणि शेवटी शह, शह, शह. सततच्या शहाने बरोबरी. मोठ्या मोठ्या ग्रँडमास्टरांचे डाव तिथे असेच संपलेत. ई-५ ची वाट २००० नंतर पुन्हा फॅशनमध्ये आली, आणि तिथेही बहुतेक धागे असेच बरोबरीला जाऊन बसतात.

आता गंमत बघा. मला काय हवं होतं? बरोबरी! आणि सगळ्यांत भडक, सगळ्यांत बदनाम चालीच्या टोकाला तीच ठेवलेली होती, गिफ्ट पॅक करून. उलट सभ्य उंट ई-७ नंतर पट मोठा राहतो, दोघांचे राजे विरुद्ध बाजूंना जातात, पंचवीस-तीस चाली कुस्ती चालते आणि तिथे हरायला पाठांतर चुकावं लागत नाही, नुसतं दमलं तरी चालतं. म्हणजे ‘सेफ’ कोणती आणि ‘रिस्की’ कोणती? ज्याच्या डोक्यात तीस चाली नीट बसल्यात त्याला बी-२ सेफ. ज्याच्या डोक्यात एकवीस बसल्यात, त्याने बाविसाव्या चालीला देवाचं नाव घ्यावं.

माझ्या डोक्यात शुक्रवारी रात्रीपर्यंत सतरा बसल्या होत्या.

शनिवारी सकाळी सांगलीला फोन लावला. माझे बाबा बँकेतून रिटायर झालेत आणि अजून रोज संध्याकाळी डाव मांडतात. सांगली म्हणजे भाऊसाहेब पडसलगीकरांचं गाव, तिथे बुद्धिबळ हा छंद नसतो, संस्कार असतो. बाबांना सगळं सांगितलं.

‘‘बी-२ चं खाणार म्हणतोस?’’ बाबा.

‘‘इंजिन म्हणतंय बरोबरी होते.’’

‘‘इंजिन येणार आहे का रविवारी?’’

मी गप्प. मग ते म्हणाले, ‘‘थांब जरा,’’ आणि पाच मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एका वहीच्या पानाचा फोटो आला. पिवळं पडलेलं पान, निळी शाई, वर तिरक्या अक्षरात ‘अकरावा डाव’. १९७२ साली बाबा सोळा वर्षांचे होते. आइसलँडला, रेकयाविकला फिशर आणि स्पास्की खेळत होते आणि बाबा पेपरात छापून आलेल्या चाली वहीत उतरवत होते. त्या काळच्या पद्धतीने, ‘पी-के४’ वगैरे. मला ते वाचायला गुगलसारखं भाषांतर करावं लागलं!

तो डाव मला माहिती होता, पण वाचून. बाबांनी तो जगलेला. विषारी प्यादं हे बॉबी फिशरचं लाडकं हत्यार. त्याच मॅचच्या सातव्या डावात त्याने ते खाल्लं आणि ४९ चालींनंतर बरोबरी झाली. अकराव्या डावात त्याने पुन्हा खाल्लं. तोपर्यंत फिशर साडेसहा, स्पास्की साडेतीन. सगळ्यांना वाटलेलं, संपली मॅच. स्पास्कीने नवव्या चालीला हत्ती न आणता घोडा बी-३ वर नेला, म्हणजे वजिराच्या परतीची वाट अरुंद. मग एफ-६ वरचा घोडा उंटाने मारला, आणि चौदाव्या चालीला त्याने जे केलं ते बघून बाबांच्या मते तेव्हा सांगलीतल्या भल्याभल्यांना वाटलं की पेपरवाल्यांनी चाल चुकीची छापली. सी-३ वर छान बसलेला घोडा त्याने उचलून परत बी-१ वर ठेवला. घरी! जिथून डाव सुरू होतो तिथे!

पण त्याने फिशरच्या वजिराला हाकललं. वजीर ए-३ वरून बी-४, तिथून बी-६, मग बी-५. दर वेळी पांढऱ्याचं एखादं प्यादं एक घर पुढे. तेविसाव्या चालीला वजीर सी-३ आणि काळ्याच्या वजिराला जायला जागाच नाही. एकतिसाव्या चालीला फिशरने डाव सोडला.

‘‘त्या दिवशी मला कळलं,’’ बाबा म्हणाले, ‘‘की फिशर पण चुकतो. आधी वाटायचं नाही तसं.’’

‘‘पण मॅच त्यानेच जिंकली ना बाबा? साडेबारा-साडेआठ.’’

‘‘जिंकली. पण पंधराव्या डावात परत उंट जी-५ आला, तेव्हा त्याने काय केलं ते बघ.’’

बघितलं. उंट ई-७! जगातल्या सगळ्यांत हट्टी माणसाने सातव्या चालीला सभ्य दरवाजा उघडला, आणि तो डाव बरोबरीत सुटला. त्या मॅचमध्ये बी-२ च्या प्याद्याला त्याने पुन्हा हात लावला नाही. मी जरा चिडून आठवण करून दिली की १९६७ ला मॉन्टे कार्लोमध्ये हाच फिशर पांढऱ्या बाजूने विष घालायला गेला आणि गेलरने ते पचवून त्याला पंचवीस चालींत हरवलं. म्हणजे विष दोन्हीकडून चढतं. बाबा म्हणाले, ‘‘मग तेच तर सांगतोय.’’ बाबांशी वाद घालण्यात हा प्रॉब्लेम आहे. आपला मुद्दा शेवटी त्यांचाच निघतो.

आई मागून ओरडली, ‘‘त्याला विचार जेवतोय का वेळेवर!’’ फोन संपला.

आता उंट ई-७ हा काही मऊ गादीचा बिछाना आहे असं समजू नका हं. त्याच्याही नावावर एक अपघात आहे, आणि तो बुद्धिबळाच्या इतिहासातला सगळ्यांत सामुदायिक अपघात असावा. १९५५, स्वीडनमधलं गोथेनबर्ग. एकाच फेरीत तीन अर्जेंटिनियन विरुद्ध तीन सोव्हिएत. खुद्द नायडॉर्फ, पान्नो आणि पिल्निक एकीकडे, केरेस, गेलर आणि स्पास्की दुसरीकडे. अर्जेंटिनावाल्यांनी घरून एक नवी कल्पना आणलेली. उंट ई-७, मग एच-६, मग जी-५ ला प्यादं ढकलून पांढऱ्याची रचना फोडायची. तिघेही तेच खेळले. तीन पटांवर सेम टु सेम पोझिशन! लोक एका टेबलावरून दुसऱ्यावर मान वळवून बघतायत. आणि गेलरने अकराव्या चालीला घोडा ई-६ वर फेकून दिला. प्रेक्षक हादरले, वजीर एच-५ चा शह, राजा एफ-८, आणि मग उंट बी-५. बाकीच्या दोन सोव्हिएतांनी ते बघितलं आणि तेच केलं. तिन्ही डाव पांढऱ्याने जिंकले. एकाच दिवशी, एकाच चुकीवर, तीन ग्रँडमास्टर. आमच्याकडे याला ‘कॉपी-पेस्ट बग’ म्हणतात.

तीन वर्षांनी, १९५८ ला पोर्टोरोझमध्ये शेवटच्या फेरीत पंधरा वर्षांचा फिशर ग्लिगोरिचसमोर काळ्याने मुद्दाम तीच पोझिशन खेळला. सगळ्यांना वाटलं, पोरगं गेलं. त्याने तेराव्या चालीला हत्ती एच-७ वर नेला, आणि डाव वाचला. बरोबरी. त्या बरोबरीने तो पुढच्या टप्प्यात गेला आणि तोपर्यंतचा सगळ्यांत लहान ग्रँडमास्टर झाला. म्हणजे बघा, त्यालाही तेव्हा नेमकी बरोबरीच हवी होती! आणि त्याने ती कुठे शोधली? जिथे तीन मोठी माणसं बुडाली त्याच डोहात.

शनिवारी रात्री अडीच वाजेपर्यंत मी हे असलं वाचत बसलो. याला प्रिपरेशन म्हणत नाहीत, निर्णय टाळणं म्हणतात. फ्लॅट घेताना बँकांच्या वेबसाइटवर ईएमआयचे कॅल्क्युलेटर बडवतो ना आपण, तसंच.

रविवारी सकाळी दहाला डाव सुरू झाला. समोर एक साधारण माझ्याच वयाची मुलगी, हातात स्टीलचा चहाचा मग, चेहऱ्यावर शून्य टेन्शन. ई-४, सी-५. सहाव्या चालीला उंट जी-५, मी ई-६, तिने एफ-४ खेळून घड्याळ दाबलं.

आणि मी बसलो. एक मिनिट. तीन मिनिटं. वजिराला हात लावावा, तर डोळ्यांसमोर निळ्या शाईतलं ते पान. सतरा चालींपैकी किती आठवतायत मोजलं, अकरा. सात मिनिटं. रॅपिडमध्ये सातव्या चालीला सात मिनिटं म्हणजे शुद्ध गुन्हा. शेजारच्या बोर्डावरून टीम लीड वाकून बघतोय. शेवटी उंट उचलला आणि ई-७ वर ठेवला.

तिने लगेच वजीर एफ-३. मी वजीर सी-७. तिने लांबचा किल्लेकोट केला, मी दुसरा घोडा डी-७ वर. मग ती जी-४, मी बी-५, तिने उंटाने माझा घोडा मारला, मी घोड्यानेच परत मारला, ती जी-५, घोडा परत डी-७. एवढं मला येत होतं. आणि तेराव्या चालीला तिने प्यादं एफ-५ ला ढकललं.

मी पटाकडे बघितलं आणि मला खरंच हसू आलं. जी-५ वर एक प्यादं उभं होतं. एकटं. कोणाचा आधार नाही. माझा ई-७ चा उंट ते खाऊ शकत होता, वर राजाला शह देऊन! ज्या फुकटच्या प्याद्यापासून मी पळून आलो होतो, तेच पटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन माझी वाट बघत उभं होतं.

इथेही पुस्तकात दोन रस्ते आहेत. घोडा सी-५, म्हणजे ई-६ ला आधार आणि प्याद्याकडे बघायचंही नाही. मग पांढरा एफ-६ करून आपल्या राजाची बाजू फाडतो. किंवा उंटाने जी-५ खायचं. दोन्ही खेळण्यासारखे. मी ते बुधवारपासून एकदाही उघडून बघितलं नव्हतं, कारण चार दिवस मी सातव्या चालीलाच अडकलेलो. शहाणी माणसं म्हणतात, पुढचा विचार करा. मी म्हणेन, निदान तेराव्यापर्यंत तरी करा.

माझ्याकडे दहा मिनिटं उरलेली. खाल्लं. शह! राजा बी-१.

आता खरी चाल आहे घोडा ई-५. तिच्या वजिरावर हल्ला, आणि आपला राजा सध्या मधेच बरा. पण मला काय सुचलं? दोन दिवस ‘सेफ, सेफ’ घोकत होतो ना, तर राजा सेफ करायचा. मी किल्लेकोट केला. घड्याळ दाबलं आणि हात मागे घेतानाच दिसलं. जी-५ चं प्यादं मीच खाल्लेलं, म्हणजे जी फाइल मीच उघडली. आणि त्याच उघड्या फाइलीसमोर नेऊन मी माझा राजा बसवला होता. सोफ्यासकट.

तिने एफ-५ च्या प्याद्याने ई-६ मारलं. ते प्यादं एकाच वेळी माझ्या डी-७ च्या घोड्यावर आणि एफ-७ वर. पुढचं सविस्तर सांगत नाही, लहान मुलंही हा अंक वाचतात. तिचे दोन्ही हत्ती राजाच्या बाजूला आले. सव्विसाव्या चालीला मी डाव सोडला.

बाकीच्या तीन बोर्डांवर दीड-दीड झालेलं. म्हणजे मॅच अडीच-दीड. करंडक बँकेला गेला.

टीम लीड काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं. नुसता पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘‘चल, चहा घेऊ.’’ त्याचा बॅगेतला कॅमेरा बॅगेतच राहिला. हे मला अजून लागतं, खरं सांगतो. डाव हरल्याचं नाही.

चहाच्या टपरीवर ती पण आली. सगळे जण आपापले डाव हवेत बोटं फिरवून परत खेळत होते. मी तिला विचारलं, ‘‘मी वजीर बी-६ खेळलो असतो तर? तुम्ही काय तयारी केली होती, हत्ती बी-१ का घोडा बी-३?’’

‘‘कुठली तयारी?’’ ती म्हणाली. ‘‘मला ते विषारी प्यादं वगैरे झेपत नाही. मी आठव्या चालीलाच घोडा बी-३ वर नेते. प्याद्यासमोर घोडाच उभा केला की तुम्ही खाणार कसं?’’

‘‘म्हणजे बी-२ मिळणारच नव्हतं?’’

‘‘नाही हो. मी नाही देत असलं काही.’’

वीस रुपयांचा चहा इतका कडू मी आयुष्यात प्यायलो नाही. चार रात्री, सतरा चाली, बाबांची वही, फिशर, स्पास्की, आणि समोरची बाई ते प्यादं द्यायलाच तयार नव्हती!

‘‘आणि उंट ई-७ ची तयारी?’’ मी विचारलं.

‘‘ती मात्र केली होती. एफ-५ पर्यंत पाठ. पुढे तुम्ही घोडा ई-५ खेळलात तर काय, हे मलाही नीट माहिती नव्हतं. मी घाबरून बसले होते. तुम्ही किल्लेकोट केलात आणि मी मनात म्हटलं, थँक यू.’’

संध्याकाळी घरी इंजिन लावून बघितलं. चौदाव्या चालीला घोडा ई-५ खेळलो असतो तर वजीर एच-५, मग माझा वजीर डी-८ किंवा ई-७ वर, पुढे दोघांनाही घाम फुटेल अशी मारामारी, आणि आकडा जवळपास सारखा. म्हणजे हवी असलेली बरोबरी तिथेही ठेवलेली होती. फक्त ती पाठ करण्यातली नव्हती, तिथे बसून शोधण्यातली होती, आणि माझी शोधण्याची सात मिनिटं मी आधीच खर्च करून टाकली होती.

बाबांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘खाल्लंस का?’’

‘‘खाल्लं. पण बी-२ चं नाही, जी-५ चं.’’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हसण्याचा आवाज. बाबा इतके मोकळे हसलेले मी बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते. ‘‘चाली सांग,’’ म्हणाले, ‘‘वहीत लिहून ठेवतो.’’ आणि माझा तो सव्वीस चालींचा डाव सांगलीला त्याच वहीत, स्पास्कीच्या डावानंतर बऱ्याच पानांनी, निळ्या शाईत उतरला. मी सांगत होतो आधुनिक पद्धतीने, ते लिहीत होते ‘पी-के४’.

टीम लीड कॅनडाला पोचला. गेल्या आठवड्यात तिथून मेसेज आला, तिथल्या ऑफिसातही टीम आहे आणि त्याला चौथा बोर्ड मिळालाय.

आणि ती बँकवाली आता दर गुरुवारी रात्री ऑनलाइन तीन मिनिटांचे ब्लिट्झ खेळते माझ्याशी. मी तिच्यासमोर सातव्या चालीला वजीर बी-६ खेळतो, ती घोडा बी-३ खेळते, आणि पुढे कधी ती जिंकते कधी मी. गेल्या गुरुवारी मात्र तिने आठव्या चालीला वजीर डी-२ वर ठेवला. पहिल्यांदाच. चॅटमध्ये लिहिलं, ‘घ्या.’ मी दोन सेकंद थांबलो आणि घेतलं. तिने घोडा बी-३, मी वजीर ए-३. तीन मिनिटांतली अडीच शिल्लक होती, आणि टेबलावर फोनमध्ये बाबांच्या वहीचं ते पान उघडंच होतं. मी फोन उलटा करून ठेवला.